हृदयविकाराचे निदान आपल्या गावच्या दवाखान्यातच सुरू होते

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून हृदयविकारावर बोलणे हे काहींना विषयाबाहेरचे वाटेल. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुष अकाली अंथरुणाला खिळतो, त्या घरातल्या मुलाचे शिक्षण थांबते आणि मुलीचे त्याच्याही आधी थांबते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शिष्यवृत्तीसाठी येणाऱ्या अर्जांत ‘वडील हयात नाहीत’ हे वाक्य वाचताना त्यामागचे कारण आपण क्वचितच विचारतो. ते विचारले पाहिजे, कारण पुष्कळदा ते कारण वेळीच ओळखता येण्यासारखे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे दगावली. एकूण मृत्यूंच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढा हा आकडा होतो. केरळात जन्मलेले, बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे कॅनडात संशोधन करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ नावाची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींनी उलगडतो, असे त्यांत दिसून आले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद, पोटाचा घेर, मनावरचा ताण आणि व्यायामाचा अभाव या त्यांतल्या प्रमुख गोष्टी. याच पाहणीतून २००७ साली आणखी एक बाब पुढे आली. आपल्या दक्षिण आशियातील निम्म्या रोग्यांना वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंतच पहिला झटका आलेला होता. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. ५३ व्या वर्षी आपल्याकडच्या माणसाची धाकटी मुले अजून शाळा-कॉलेजात असतात. म्हणूनच हा विषय शाळेचाही आहे.

आपल्या समाजात दोन टोके दिसतात. काहीजण छातीत जरा दुखले की थेट मुंबई गाठतात, हजारो रुपयांच्या तपासण्या करून घेतात आणि कागदांची पिशवी कपाटात ठेवून देतात. दुसरे काहीजण कोणाकडेच जात नाहीत. ओवा चावतात, सोडा पितात आणि ‘गॅस झाला’ म्हणून झोपतात. या दोन टोकांच्या मधे आपल्या गावचा, आपल्याला ओळखणारा डॉक्टर बसलेला असतो. त्याच्याजवळ मोठी यंत्रे नसतात. परंतु रोग्याचे बोलणे, नाडी, रक्तदाबाचे यंत्र, छातीला लावायची नळी आणि चार साध्या तपासण्या एवढ्या सामग्रीवर तो या रोगाचा बराचसा माग काढू शकतो. मात्र त्यासाठी आपण त्याच्याकडे वेळेवर गेले पाहिजे आणि त्याला खरे सांगितले पाहिजे. आजच्या व्याख्यानात मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

पहिले साधन : रोग्याचे बोलणे

१७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरने छातीच्या एका विशिष्ट दुखण्याचे वर्णन आपल्या सहकाऱ्यांपुढे वाचून दाखविले. त्याच्याजवळ ना ई.सी.जी. होता, ना क्ष-किरण. रोग्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून त्याने हृदयशूळ, म्हणजे ज्याला आपण अंजायना म्हणतो तो, ओळखला. आजही डॉक्टर मुख्यतः तीन प्रश्न विचारतात. छातीत आवळल्यासारखे किंवा दडपण आल्यासारखे होते काय? चढण चढताना, घाईने चालताना, ओझे उचलताना ते होते काय? आणि थांबल्यावर पाचएक मिनिटांत ते कमी होते काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असली तर पुढचा तपास तातडीने करावा लागतो. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ नसेल, एका बोटाने दाखविता येईल अशा जागी सुई टोचल्यासारखे दुखत असेल, तर बहुधा ते हृदयाचे नसते. तरी तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

येथे एक अडचण येते. आपल्याकडे ‘छातीत दुखते’ असे फार थोडे लोक म्हणतात. ‘जीव घाबरतो’, ‘जबडा भरून येतो’, ‘डावा हात जड होतो’, ‘जेवून चाललो की गॅस वर चढतो’ असे म्हणतात. चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा ‘गॅस’ हा गॅस नसण्याचाच संभव अधिक, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहाच्या रोग्यांमध्ये तर छातीत न दुखताही हृदयाचा रोग असू शकतो. नुसता दम लागतो, विलक्षण थकवा येतो, मळमळते. घरातली अम्मी किंवा दादी ‘वय झाले, दम लागणारच’ म्हणून गप्प बसते. गेल्या वर्षी विहिरीवरून किंवा बाजारातून न थांबता येणारी बाई यंदा दोनदा थांबते, तर ते वयाचे लक्षण समजू नका. उशाला दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप न येणे, रात्री धाप लागून उठून बसणे, संध्याकाळी पाय सुजणे ही हृदय दुबळे झाल्याची चिन्हे असू शकतात.

डॉक्टरांपुढे काही लपवू नका. विडी-सिगारेट तर सांगाच, पण मशेरी, तंबाखू, गुटखाही सांगा. पुष्कळ भगिनी ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरी हा तंबाखूच आहे. वडिलांना, भावाला लहान वयात झटका आला असेल तर तेही सांगा. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल तर ती बाईने आयुष्यभर डॉक्टरांना सांगावयाची गोष्ट आहे, कारण पुढे हृदयविकाराचा धोका त्याने वाढतो.

दुसरे साधन : नाडी

नाडीपरीक्षेला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. इब्न सीना यांच्या ‘कानून’ या ग्रंथात नाडीचे सविस्तर विवेचन आहे. त्याच ग्रंथाच्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिताना तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी असे प्रतिपादन केले की, रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते आणि तेथून डाव्या बाजूस येते. मधल्या पडद्याला भोके नाहीत. युरोपात हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ साली निघाला, त्याच्या सुमारे चारशे वर्षे आधीचे हे लिखाण. त्याचे हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टराच्या नजरेस पडले. विद्यार्थी मित्रांनो, याचा अभिमान जरूर बाळगा. पण गेलेल्या मोठेपणाने आजचा रोगी बरा होत नाही. तपासण्याची ती जिज्ञासा आपण उचलली पाहिजे.

नाडीचे ठोके मोजण्याइतकाच त्यांचा ताल पाहणे महत्त्वाचे. म्हाताऱ्या माणसाची नाडी पूर्णपणे अनियमित लागली, कोणताच ठेका धरता आला नाही, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असू शकते. अशा वेळी आत रक्ताची गाठ होऊन ती मेंदूकडे जाते आणि लकवा होतो. या रोगात लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. ई.सी.जी.ने खात्री करून रक्त पातळ ठेवणारे औषध दिले तर हा धोका बराच टळतो. बोटांनी अर्धा-एक मिनिट नाडी पाहण्याचे हे मोल आहे.

नाडी पायातही असते. घोट्याच्या आतल्या बाजूस आणि पावलावर ती लागते. विडी ओढणाऱ्या किंवा मधुमेही माणसाची पोटरी काही अंतर चालल्यावर भरून येते आणि उभे राहिल्यावर बरी होते, त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला आणि त्याचे प्रमाण ०.९ पेक्षा कमी भरले तर ही शंका पक्की होते. असा माणूस पाय दाखवायला येतो, पण त्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या वाहिन्याही बहुधा त्याच वाटेवर असतात. वेळीच तंबाखू सुटला नाही तर बोट काळे पडून कापण्याची पाळी येते.

तिसरे साधन : रक्तदाबाचे यंत्र

१८९६ साली इटलीच्या रिवा-रॉची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा तयार केला आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत दाखविली. एवढ्या साध्या यंत्राने जितके प्राण वाचले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने वाचले असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, चक्कर आणत नाही. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

मोजण्याचीही एक शिस्त आहे आणि ती पालकांनी जाणून घ्यावी, म्हणजे घाईत घेतलेल्या आकड्याने कोणी घाबरणार नाही वा निर्धास्त होणार नाही. अर्धा तास आधी चहा, कॉफी, विडी घेऊ नये. लघवी तुंबलेली नसावी. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडी न चढविता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत असावा. मोजताना बोलू नये. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढून येतो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा आणि पुढे ज्या हाताचा जास्त येईल तोच धरावा. एका वेळी निदान दोन मोजण्या घ्याव्यात. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आकडा येत राहिला तर उच्च रक्तदाब मानतात. घरी शांतपणे घेतलेल्या मोजण्यांना १३५ वर ८५ ही मर्यादा आहे. पहिल्याच वेळी १८० वर ११० च्या पुढे आकडा गेला तर मात्र वाट पाहत बसू नये.

रमजानविषयी दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे. दरवर्षी काहीजण रोजे सुरू होताच गोळ्या स्वतःच बंद करतात. रक्तदाब ताब्यात असलेल्या पुष्कळ रोग्यांना दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळीची वेळ बदलून रोजे ठेवता येतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांची मात्रा मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. नुकताच झटका येऊन गेलेल्या आणि धाप लागत असलेल्या रोग्याची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळापत्रक ठरवून घ्यावे.

आखातात नोकरी करणारे आपले बांधव सुट्टीवर येतात तेव्हा लग्ने, घराचे बांधकाम, पाहुणे यांत महिना संपतो. त्या महिन्यातली एक सकाळ दवाखान्यासाठी राखून ठेवावी आणि तिकडे झालेल्या तपासण्यांचे कागद बरोबर आणावेत.

चौथे साधन : छातीला लावायची नळी

१८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. या नळीतून झडपांचे आवाज ऐकू येतात, फुप्फुसात पाणी झाल्याची चाहूल लागते. आपल्याकडे तिचे मोल मुलांच्या बाबतीत विशेष आहे. साधारण ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना विशिष्ट जंतूंमुळे घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आणि गुडघा, घोटा, कोपर असे एकेक सांधे आळीपाळीने दुखून सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. ही मुलगी पुढे पहिल्या बाळंतपणात धाप लागून इस्पितळात येते, तेव्हा कोठे झडप आकसल्याचे कळते. घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिले तर हा रोग टळतो; एकदा होऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. परीक्षा आहे म्हणून ही सुई चुकवू नका. शिक्षकांनीही खेळाच्या तासाला लवकर धापणाऱ्या मुलाला आळशी न म्हणता त्याच्या पालकांना बोलावून घ्यावे.

पाचवे साधन : थोड्या तपासण्या आणि धोक्याचा हिशेब

उपाशीपोटी साखर, रक्तातील मेद, मूत्रपिंडाची तपासणी, लघवीतील प्रथिने आणि ई.सी.जी. एवढ्याने पुष्कळ काम भागते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी निर्देशांक ६.५ टक्के किंवा अधिक आला आणि फेरतपासणीत तो कायम राहिला, तर मधुमेह समजतात.

ई.सी.जी.बद्दल एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. हे यंत्र घडविणारे हॉलंडचे आइन्थोव्हन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे ते थोर. परंतु ई.सी.जी. हा त्या क्षणाचा फोटो आहे. चालताना दुखणाऱ्या माणसाचा ई.सी.जी. पडून असताना अगदी सरळ येऊ शकतो. झटका सुरू असतानाही पहिली पट्टी स्वच्छ येऊ शकते आणि थोड्या वेळाने पुन्हा काढल्यावर बदल दिसतात. तेव्हा ‘कार्डिओग्राम नॉर्मल आला’ म्हणजे हृदयाचा दाखला मिळाला असे नव्हे. तक्रार तीच राहिली तर पुन्हा जा. पुढची इको, ताणचाचणी किंवा अँजिओग्राफी कोणाला हवी हे लक्षणांवरून डॉक्टर ठरवतील. जाहिरात पाहून ठरवू नये.

ज्याला काहीच लक्षण नाही, त्याचाही हिशेब मांडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली निरनिराळ्या प्रदेशांसाठी सुधारलेले तक्ते दिले. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे प्रमाण एवढ्यावरून येत्या दहा वर्षांत झटका वा लकवा येण्याचा धोका साधारण किती, हे त्यावरून काढता येते. रक्ततपासणीचा तक्ता वेगळा आहे, पण तिच्याविनाही काम चालते. आपल्या डॉक्टरांना ‘माझा धोका किती?’ असे सरळ विचारा. धोका वाढलेला असेल तर तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, चालणे आणि औषधे यांचा नेट वाढवावा लागतो. आपल्या कोकणी जेवणात सुकी मासळी, लोणचे, पापड यांतून मीठ किती जाते याचा विचार आपणच करा.

वेळ गमावू नका

छातीतले दडपण विश्रांतीनेही थांबत नसेल, पंधरा-वीस मिनिटे टिकले, दरदरून घाम सुटला, तर तो झटका समजा. माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका, मुंबईच्या नातेवाइकांना फोन करून सल्ला घेत बसू नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टर फोनवरही ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चघळून घ्यायला सांगतात. गाठ विरघळविणाऱ्या औषधाचा किंवा अँजिओप्लास्टीचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या काही तासांत होतो. प्रत्येक तासाला हृदयाचा थोडा स्नायू मरत असतो.

तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट अचानक झाली तर तो लकवा. त्यात ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये, तोंडाने काही भरवू नये. गाठ विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून मेंदूचा फोटो काढण्याची सोय जेथे आहे अशा इस्पितळात थेट न्यावे. दहा मिनिटांत सर्व ठीक झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

आपण काय करावे?

पालकांनो, वर्षातून एकदा तरी आपला रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर मोजून घ्या. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. एक साधी वही घाला. तीत तारीख, रक्तदाब, साखर आणि चालू गोळ्यांची नावे लिहा. डॉक्टर बदलला तरी ही वही बरोबर जाईल. पंधरा दिवसांच्या चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या घेऊ नका आणि आकडा उतरला म्हणून गोळी बंदही करू नका. आकडा बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही वही लिहिण्याचे काम तुमचे. नववी-दहावीच्या मुलामुलींना रक्तदाबाचे स्वयंचलित यंत्र वापरणे अर्ध्या तासात शिकता येते. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी ते शिकवावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या तीस वर्षांपुढील माणसांचा रक्तदाब नोंदवून आणावा, अशी माझी या संस्थेला विनंती आहे. ज्या घरात दादीला वाचता येत नाही, तेथे तिच्या गोळ्यांची वेळ नातीने सांभाळावी. मुलीला शिकविण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मजजवळ नाही.

डॉक्टर होण्याची इच्छा धरणाऱ्या मुलांना एक सांगणे आहे. सर्वांनाच मोठ्या शहरात हृदयतज्ज्ञ होता येणार नाही, आणि सर्वांनी तसे व्हावेही असे नाही. आपल्या तालुक्याला असा डॉक्टर हवा आहे, जो रोग्याचे बोलणे पुरे होऊ देतो, दंड उघडा करून पट्टा बांधतो, पायाची नाडी पाहतो आणि ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा या’ म्हणतो. असा एक डॉक्टर गावात बसला तर किती वडील आपल्या मुलांची पदवी पाहायला जिवंत राहतील, याचा विचार करा.